अध्यक्षांना मत नसतं

“आई, बाबांना सांग, येत्या गुरुवारच्या मुंबईच्या विमानाचं तिकीट काढलंय त्यांचं.”

उन्मेष हे बोलला तेव्हा त्याचे बाबा जेवणाच्या टेबलाशी त्याच्या समोरच बसले होते. हात लांबवला असता तर त्यांच्या ताटाला लागला असता, इतके जवळ! आणि तरीही ते वाक्य आधी श्यामलाबाईंकडे आलं, कारण या घरात लेकाचं बापाला आणि बापाचं लेकाला जे काही पोचवायचं असे, ते गेली कित्येक वर्षं त्यांच्याच हातून जात होतं... आमटीच्या वाटीसारखं.

त्यांच्या हातातला डाव तसाच राहिला.

“यांचं तिकीट? आणि माझं?”

“तुझं नाही. तुझा व्हिजिट व्हिसा मी पुन्हा काढतोय. बाबांचा नाही काढत.” उन्मेषची नजर ताटातच होती. “पुण्याला चांगलं केंद्र आहे, चोवीस तास नर्स असते. मीच सोडून येईन. तू राहा इथे आमच्यात. किती वर्षं करणार आहेस तू त्यांचं?”

सदानंदरावांनी भात कालवायचा थांबवला. खादीच्या जाकिटाची बटणं चाचपली आणि ते ताठ उभे राहिले.

“अध्यक्ष महाराज! सन्माननीय सदस्यांनी ही सूचना कोणत्या नियमाखाली मांडली, ते या सभागृहाला कळेल काय?”

तेरा वर्षांची अनुष्का फिस्सकन हसली. “आबा, यू डोन्ट हॅव परमिशन! पहिले अध्यक्षांना पूछो ना!”

“सन्माननीय सदस्यांनी खाली बसावं,” श्यामलाबाई हळूच म्हणाल्या. “आपली हरकत नोंदवून घेतली आहे.”

आणि ते एखाद्या शहाण्या मुलासारखे खाली बसले, पुन्हा भात कालवू लागले. श्यामलाबाई त्या विस्कटलेल्या घासाकडे पाहत राहिल्या. गुरुवार! म्हणजे ज्या माणसाला आता आपलं नावही धड आठवत नाही, त्याला आठवणारं शेवटचं माणूसही त्याच्यापासून तोडायचं...

कोकणातल्या एका तालुक्याच्या कोर्टात सदानंदरावांनी उभं आयुष्य वकिली केली होती, आणि मधली पाच वर्षं ते आमदार होते. त्यांच्या तालुक्यातून विधानसभेत गेलेला पहिला वकील, म्हणून लोकांनी त्यांची बैलगाडीतून मिरवणूक काढली होती. आता त्या स्मृतींना ओहोटी लागली होती. गाव गेलं, कोर्ट गेलं, माणसं गेली, नाती गेली. किनाऱ्यावर राहिलं होतं ते फक्त सभागृह! ते जिथे बसत तिथे विधानसभा भरे, आणि समोर जे कुणी असे ते सन्माननीय सदस्य होई. एक श्यामलाबाई तेवढ्या अध्यक्ष महाराज. तो मान त्यांनी पत्नीला आजारात दिलेला नव्हता. तो फार जुना होता. तो कसा मिळाला, ते मात्र फक्त त्या दोघांनाच ठाऊक होतं.

स्वयंपाकघरात ज्ञानदाने सासूच्या हातातली भांडी काढून घेतली. ती वाईट नव्हती, फक्त फार थकली होती.

“आई, तुम्हाला वाटत असेल आम्ही दुष्ट आहोत...”

“नाही गं.”

“मागच्या आठवड्यात भर दुपारी कंपनीच्या कंपाउंडच्या गेटपर्यंत गेले ते. त्या उन्हात! गार्डला म्हणाले, सभागृहाची घंटा झाली, दार उघडा. सिक्युरिटीने उन्मेषला प्लांटवरून बोलावून घेतलं. पुन्हा असं झालं तर घर सोडावं लागेल म्हणालेत. नुसती तेवढीच भीती असती तर काहीही केलं असतं आम्ही. पण उन्मेष त्यांच्या खोलीत पाय ठेवत नाही. औषध मी देते, दाढी तुम्ही करता. आई, तो त्यांना हाकसुद्धा मारत नाही! मी लग्न होऊन आले तेव्हापासून ‘बाबांना सांग’ एवढंच ऐकतेय. असं काय झालं होतं हो?”

श्यामलाबाईंनी पदराने हात पुसले. “झालं होतं काहीतरी,” त्या म्हणाल्या, “फार मागे.”

सौदीतल्या राबिघचा समुद्र त्या कंपाउंडपासून लांब नव्हता. ऊन उतरलं की श्यामलाबाई पतीचा हात धरून तिथे जात. इथेही सूर्य समुद्रातच बुडे, अगदी गावच्यासारखा. पहिल्या दिवशी तर सदानंदराव त्या लाल गोळ्याकडे पाहून लहान मुलासारखे हरखले होते. पण त्या पाण्याला गावचा वास नव्हता. खाजणातला चिखल नव्हता, माडांची सळसळ नव्हती, होड्यांवरून एकमेकांना घातलेल्या शिव्याही नव्हत्या! मागे उन्मेषच्या रिफायनरीच्या चिमणीवर ज्योत जळत असे, रात्रंदिवस, कुणासाठी ते न कळता. तिच्याकडे पाहिलं की श्यामलाबाईंना वाटे, आपणही अशाच... कुणी पाहो न पाहो, जळत राहायचं, आणि शब्द म्हणून काढायचा नाही.

बोलणार तरी कुणाशी? शेजारच्या बायका इंग्रजीत हसत. अनुष्का गोड होती, पण तिची मराठी चार वाक्यांत दमे. महिन्यातून एकदा जेद्दाहून हारून येई, तो एक दिवस तेवढा माणसांत असल्यासारखा जाई. तिथल्या शराफिया भागात त्याचं किराण्याचं दुकान होतं, आणि मूळचा तो त्यांच्याच तालुक्यातला, बंदराकडचा. कोकम, सोडे, कुळथाचं पीठ असं काहीबाही घेऊन तो दोन तासांचा रस्ता कापत येई. या शुक्रवारीही आला.

“काय आमदारसाहेब!” दारातूनच त्याचा आवाज घुमला. “आमच्या बंदरावरच्या धक्क्याचं काय झालं? तुम्ही शब्द दिला होतात!”

सदानंदरावांचा चेहरा एकदम उजळला. “शासन या प्रश्नाचा सहानुभूतीने विचार करत आहे.”

“अजून विचारच? माझ्या दाढीला मेंदी लावायची वेळ आली, साहेब! मी सभात्याग करतो!” असं म्हणत तो सभात्याग न करता सोफ्यावर ऐसपैस बसला, आणि श्यामलाबाई कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसल्या.

चहाचा कप हातात घेताना मात्र हारूनचा आवाज खाली आला. “वहिनी, आमच्या बंदरावर अजून नाव निघतं साहेबांचं. दुसऱ्याला बुडवणारे वकील गल्लोगल्ली मिळतात. स्वतः बुडून दुसऱ्याला वर काढणारा आम्ही हा एकच बघितला. त्या ट्रकवाल्याची पोरं आज—”

दारात उन्मेष उभा होता. त्याचा चेहरा दगडासारखा झाला. तो वळला, आणि आतल्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला. हारूनने चहा तसाच खाली ठेवला. “माझं चुकलं, वहिनी.”

“तुमचं नाही चुकलं,” श्यामलाबाई पुटपुटल्या.

शिरीष... त्यांचा धाकटा! सात वर्षांचा, समोरचे दोन दात पडलेला, आणि तेवढ्यामुळेच जरा जास्तच हसणारा. बाजारपेठेच्या वळणावर तो चिऱ्यांच्या ट्रकखाली आला. उन्मेष तेव्हा पुण्याला मामाकडे दहावीला होता. तो पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. त्याने पाहिलं ते एवढंच की ड्रायव्हरला अटक झाली आहे, तालुक्यातल्या एकूण एक वकिलांनी त्याचं वकीलपत्र घ्यायचं नाही असं ठरवलं आहे, आणि दिवसकार्य उरकताच त्याचे स्वतःचे वडील काळा कोट चढवून बार रूममध्ये गेले आहेत. तिथे हात जोडून ते म्हणाले होते, “या माणसाला कुणीतरी वकील द्या.” विवेक नावाच्या त्यांच्या ज्युनिअरने शेवटी ते वकीलपत्र घेतलं. प्रत्येक तारखेला सदानंदराव कोर्टात ड्रायव्हरच्या बायकोच्या शेजारच्या बाकावर जाऊन बसले. ड्रायव्हर निर्दोष सुटला! त्याच वर्षी निवडणूक होती. विरोधकांना भाषण लिहावंच लागलं नाही. “ज्याने पोटच्या पोराची बाजू घेतली नाही, तो तुमची काय घेणार?” एवढं एकच वाक्य पुरलं. मिरवणूक काढणाऱ्या त्याच लोकांनी त्यांना पाडलं.

आणि पंधरा वर्षांच्या उन्मेषने माजघरात उभं राहून विचारलं होतं, “बाबा, त्याला तुम्ही सोडवलंत?”

“होय. मी.”

ते त्यांचं शेवटचं बोलणं! त्यानंतर मुलगा शिकला, मोठा झाला, परदेशी गेला, बाप झाला... पण बापाशी बोलला तो फक्त आईच्या तोंडून.

मंगळवारची संध्याकाळ. उन्मेष प्लांटवरून लवकर आला होता. सदानंदराव त्यांच्या खुर्चीत, ज्ञानदा इस्त्रीशी, श्यामलाबाई सोफ्यावर मेथी निवडत बसलेल्या. अनुष्काने लॅपटॉप बापापुढे सरकवला. तिची शाळा अमेरिकन अभ्यासक्रमाची, आणि उद्या तिला वर्गात एका माणसाविषयी बोलायचं होतं.

“पप्पा, लिसन. अमेरिका अजून कंट्री पण नव्हती तेव्हाचा लॉयर आहे हा. इंग्लिश सोल्जर्सनी लोकांवर गोळ्या झाडल्या, माणसं मेली. आणि त्या सोल्जर्ससाठी कोणीच लॉयर व्हायला तयार नाही. देन धिस मॅन सेड, मी होतो. पूरा शहर उसके खिलाफ! तरी तो उभा राहिला. नंतर तो असेंब्लीत पण गेला, आबांसारखा. शेवटी मला माझं ओपिनियन द्यायचंय. काय लिहू?”

उन्मेषने चष्मा वर केला. दिवसभराचा शीण त्याच्या चेहऱ्यावरून क्षणभर ओसरला. “लिही, याला म्हणतात खरं धैर्य. ज्याचा सगळे द्वेष करतात त्यालाही न्याय मिळायला हवा, असं म्हणणारा माणूस विरळा असतो. अशा माणसाच्या मुलांना केवढा अभिमान वाटला असेल!”

श्यामलाबाईंच्या हातातली मेथीची काडी खाली पडली.

अडीचशे वर्षांपूर्वीचा, सातासमुद्रापलीकडचा तो कुणी वकील... त्याच्यासाठी याच्या डोळ्यांत आदर दाटून आला! आणि पाच हातांवर बसलेल्या त्या म्हाताऱ्याने तेच केलं, तर... त्यांच्या अंतःकरणात इतकी वर्षं जे कोंडून ठेवलं होतं ते एकाएकी कंठाशी आलं. त्या उठून उभ्या राहिल्या.

सदानंदराव काहीतरी बोलायला खुर्चीतून अर्धे उठले होते. पत्नीला उभी पाहताच ते घाईघाईने खाली बसले. अध्यक्ष उभे राहिले की सदस्यांनी बसायचं असतं.

“उन्मेष, मला बोलायचंय.”

“आई, प्लीज, आत्ता तो खेळ नको.”

“खेळ?” त्या म्हणाल्या. “तो खेळ नाही रे राजा, माझं आयुष्य आहे ते! तुझे बाबा सांगायचे, सभागृहात सदस्यांनी एकमेकांशी थेट बोलायचं नसतं, जे काय ते अध्यक्षांकडे बघून बोलायचं. आणि अध्यक्षांनी दोघांचं ऐकायचं, स्वतःचं काही म्हणायचं नाही. त्यांना मत नसतं. तुम्ही दोघांनी मला त्या खुर्चीवर बसवलंत आणि निघून गेलात. एकाने इकडून बोलायचं, एकाने तिकडून... माझं कुणी कधी विचारलंत?”

“आई...”

“शिरीषचा हात माझ्या हातात होता! त्याचा बोरांचा पुडा सुटला, बोरं रस्ताभर घरंगळली. त्याने माझा हात सोडवला आणि तो धावला. ट्रक हळू येत होता रे. त्या माणसाने माझ्या पोराला वाचवायला ट्रक गटारात घातला, त्याचा स्वतःचा हात मोडला. मी बघितलं. माझ्याइतकं जवळून कुणीच बघितलं नव्हतं. आणि चार दिवसांनी त्याची बायको तान्हं पोर घेऊन आपल्या पायरीवर येऊन बसली. काही मागत नव्हती, नुसती बसली होती. मला घास गिळवेना. तेव्हा मी म्हटलं तुझ्या बाबांना. मी! ‘त्याचा दोष नाही, त्याला वकील द्या.’”

ज्ञानदाने इस्त्रीचं बटण बंद केलं.

“हे रात्रभर पायरीवर बसून राहिले. सकाळी मला म्हणाले, मला स्वतःला उभं राहता येणार नाही, मी मुलाचा बाप आहे, पण वकील मिळवून देतो. मी म्हटलं, मी साक्ष देते. तर म्हणाले, ‘नको. शाळेच्या मास्तरांनी पाहिलंय, ते बोलतील. तू बोललीस तर उद्या लोक विचारतील, हात कुणाच्या हातातून सुटला. आणि आपला मोठा ते ऐकेल.’ तू माजघरात विचारलंस ना, तेव्हा मी तोंड उघडलं होतं. आठवतं? यांनी हात वर केला, तसाच, खाली बसा म्हणतात तसा. नंतर मला म्हणाले, ‘त्याचा भाऊ गेलाय. बाप गेला तरी चालेल त्याला, पण आई जाता कामा नये. आजपासून तू अध्यक्ष. अध्यक्षांनी बोलायचं नसतं.’ स्वतःच्या गळ्याची शपथ घातली मला, उन्मेष! आणि तुझा सगळा राग एकट्याच्या अंगावर घेऊन हा माणूस इतकी वर्षं गप्प राहिला... तुझ्या लग्नात मांडवाच्या कडेला उभा राहिला, परक्यासारखा. एकदाही म्हणाला नाही, की हिने सांगितलं होतं.”

उन्मेषने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “इतकी वर्षं...” तो म्हणाला.

“अध्यक्षांना मत नसतं,” श्यामलाबाईंनी डोळे टिपले. “पण मतांची बरोबरी झाली की एक मत असतं त्यांना. ते मी आज देते. गुरुवारी विमानात यांच्या शेजारची खुर्ची माझ्यासाठी काढ. ते केंद्र असो नाहीतर आणखी कुठे, जिथे हे तिथे मी. तुझ्यावर माझा राग नाही. तुला आई हवी होती, ती यांनी तुला दिली. आता यांना कुणीतरी हवं.”

अनुष्का केव्हाच आजीला येऊन बिलगली होती. तिचे डोळे भरले होते. “आजी, शिरीषकाकाचा मला फक्त फोटो माहीत आहे. असेंब्लीमध्ये कोणी मेलं की काय करतात?”

“शोकप्रस्ताव मांडतात, बाळा. सगळे उभे राहतात, स्तब्ध.”

“आपण केला होता? त्याच्यासाठी?”

श्यामलाबाईंनी मान हलवली. नाही. त्या घरात शिरीषसाठी प्रत्येक जण वेगवेगळ्या खोलीत रडला होता. एकत्र कुणीच नाही...

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. उन्मेष उठला होता. एका हाताने त्याने टेबलाची कड घट्ट धरली होती. इतक्या वर्षांत तो त्या ‘खेळात’ एकदाही आला नव्हता.

“अध्यक्ष महाराज,” तो म्हणाला, “मी... मी या सभागृहापुढे शोकप्रस्ताव मांडतो. माझा भाऊ शिरीष...” त्याला पुढे बोलवेना.

पण तेवढं पुरेसं होतं. ‘शोकप्रस्ताव’ हा शब्द ऐकताच सदानंदराव उभे राहिले. हात जोडलेले, मान खाली, पाठ ताठ. ज्ञानदा पुढे येऊन उभी राहिली. अनुष्का आजीला सोडून ताठ उभी राहिली. बाहेर चिमणीवरची ज्योत संध्याकाळच्या उजेडात फिकट हलत होती, आणि त्या परक्या वाळवंटातल्या बैठकीच्या खोलीत एक सात वर्षांचा दात पडलेला मुलगा कितीतरी काळाने सगळ्यांच्या मध्ये येऊन उभा राहिल्यासारखा वाटला.

मग सदानंदराव चार पावलं टाकून उन्मेषशेजारी आले आणि त्याच्याकडे झुकले, बाकावरचे सदस्य एकमेकांच्या कानाशी लागतात तसे.

“आपण नवे दिसता,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “भले बोललात. एक विनंती आहे. आमचा मोठा पुण्याला असतो, मामाकडे. फार हळवा आहे. वकील द्या असं त्याची आई म्हणाली होती, ते त्याच्या कानावर जाऊ देऊ नका. मी म्हणालो, असंच सांगा सगळ्यांना. पोराला आई लागेल हो...”

उन्मेषच्या छातीतून हुंदका फुटला. त्याने त्या सुरकुतलेल्या मनगटाला दोन्ही हातांनी धरलं.

“नाही सांगणार, बाबा,” तो म्हणाला. “कुणालाच नाही सांगणार. आणि ती गुरुवारची सूचना... ती मी मागे घेतो, बाबा. तुम्ही कुठेही जायचं नाही.”

सदानंदराव त्याच्या ओल्या चेहऱ्याकडे बारकाईने बघत राहिले. ओळख पटली की नाही, कुणास ठाऊक! जाकिटाच्या खिशातला घडी घातलेला रुमाल त्यांनी काढला आणि त्याच्या हातात दिला.

“पुसा,” ते म्हणाले. “सभागृहात रडायचं नसतं. मी नाही रडलो.”

आणि एवढं म्हणता म्हणता त्यांचे स्वतःचेच डोळे वाहू लागले. कितीतरी वर्षांपूर्वी वाहायला हवे होते ते आसू! तोच रुमाल मग लेकाने बापाच्या गालांवरून फिरवला.

श्यामलाबाईंच्या ओठांवर जन्माच्या सवयीने शब्द आले होते, ‘अहो, तो म्हणतोय...’ पण पोचवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ते दोघे आपापसांत बोलत होते, थेट, नियम मोडून, आणि श्यामलाबाईंकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. त्यांनी जमिनीवर पडलेली मेथीची काडी उचलली. मग त्या सावकाश खाली बसल्या.